टाचेचे दोन ठोके

प्रश्न ठरला होता, उत्तरही ठरले होते. दुपारभर तालीम चालली होती ती केवळ मधल्या क्षणाची. प्रश्न संपला आहे, आता बोलायचे, हे अण्णांना कळावे कसे?

"मी पहिल्या रांगेत, बरोब्बर समोर बसतो," थोरला म्हणाला. "मैनाचं विचारून झालं की मी चष्मा काढून पुसतो. अण्णा, चष्मा. चष्मा काढलेला दिसला की बोलायला लागायचं."

खिडकीपाशी ताठ बसलेल्या अण्णांनी मुलाच्या ओठांवरची नजर न हलवता मान डोलावली.

"आणि तुला खरंच चष्मा पुसावासा वाटला तर?" मैनाची आत्या, म्हणजे थोरल्याची पाठची बहीण, दारात उभी होती. इस्पितळातली पाळी संपवून ती तशीच आली होती. परिचारिकेचे पांढरे बूटही अजून पायांतच होते.

"मी काय लहान आहे का?"

"लहान नाहीस. रडका आहेस. आपल्या शाळेतल्या शिपायाच्या निरोपालासुद्धा तू रडला होतास."

पलीकडे टेबलावर अण्णांच्या गडद निळ्या कोटाला इस्त्री करणारा धाकटा, म्हणजे मैनाचा बाप, मान खाली घालून हसला. छापखान्यात दिवसभर यंत्राशेजारी उभे राहून त्याला मुळातच कमी बोलायची सवय लागली होती. आई गेल्यावर झालेल्या भांडणापासून तर तो मोठ्या भावाशी सरळ बोलतच नसे. मध्ये कुणीतरी लागे.

"ताई, त्याला म्हणावं, खुणेसाठी रुमाल घे. चष्मा नको."

"धाकट्याला सांग," थोरला बहिणीकडे वळून म्हणाला, "रुमाल अण्णांना तिथून दिसणार नाही. चष्मा चमकतो."

"मी काय टपाल खातं आहे?" आत्या म्हणाली. "तीन पावलांवर उभे आहात दोघं."

गावातले सेवा मंडळ दरवर्षी निवृत्त सैनिकांचा आणि गुणी विद्यार्थ्यांचा एकाच मंचावर सन्मान करी. त्यांची एक जुनी प्रथा होती. निवडलेल्या विद्यार्थ्याने सर्वांत वयस्कर सैनिकाला भर सभेत एक प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर द्यायचे. यंदा सर्वांत वयस्कर सैनिक होते अण्णा, आणि वक्तृत्वातल्या यशाबद्दल निवडली गेली होती त्यांची नात. योगायोग म्हणावा तर तो पुरता योगायोगही नव्हता. थोरला मंडळाचा चिटणीस होता. कित्येक वर्षे त्याने इतरांच्या वडिलांसाठी त्या मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या, दुसऱ्यांच्या वडिलांसाठी सभागृह उभे राहताना पाहिले होते. आणि घरी परतताना प्रत्येक वेळी त्याला वाटले होते, एकदा, एकदाच, माझ्या बापासाठी.

अडचण एवढीच होती की अण्णांना ऐकू येत नव्हते, आणि ध्वनिक्षेपकापाशी लोकांकडे तोंड करून उभ्या मैनाचे ओठ त्यांना दिसणार नव्हते. तोफखान्यात गेलेली तरुणपणाची वर्षे त्यांचे कान घेऊन गेली होती, आणि ही गोष्ट घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती. रस्त्यात कुणी नमस्कार केला आणि त्यांनी प्रतिसाद दिला नाही, तर लोक म्हणत, तोफची भारी गर्विष्ठ. अण्णांनी तो आळ आनंदाने पत्करला होता. गर्विष्ठ चालेल, बहिरा नको.

"अण्णा," आत्याने टेबलावर बोटाने दोनदा ठोकले आणि ती त्यांच्यासमोर आली. "या वयात कुणालाही कमी ऐकू येतं. सांगून टाका की सरळ. कोण हसणार आहे?"

"हसणार नाहीत," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच खोलीच्या मानाने थोडा मोठा पडे. "विचारतील. कधीपासून, म्हणून विचारतील."

कधीपासून, हे त्यांनी घरातही कधी सांगितले नव्हते.

आता मैना उठली. घराची जमीन लाकडी होती. तिने टाच दोनदा आपटली, फळ्या हलल्या आणि अण्णांची मान वळली. या घरात बोलण्याआधी टेबलावर दोनदा ठोकायचे, लांब असाल तर टाच आपटायची, मग समोर येऊन तोंड नीट उघडून बोलायचे. हे कुणी कधी शिकवले नव्हते. मुले रांगता रांगता ते शिकली होती. पाहुण्यांना नवल वाटे की ही माणसे मीठ मागतानाही दार ठोठावल्यासारखे टेबल का ठोकतात.

"आजोबा, प्रश्नानंतर मलाही दोन शब्द बोलायचे आहेत. मला बोलायला कुणी शिकवलं, ते सांगू का?"

"नाही."

"तुमच्या कानांचं नाही सांगणार. फक्त..."

"एक सांगितलंस की दुसरं आलंच. शिक्षकांचं नाव घे. त्यांनाही बरं वाटेल."

मैनाने बापाकडे पाहिले. धाकट्याने इस्त्री उभी ठेवली. तो आपली बाजू घेईल असे तिला वाटले होते, पण तो म्हणाला, "त्यांचे कान आहेत, मैना. त्यांनी ठरवायचं."

या एका बाबतीत दोघे भाऊ एका बाजूला आले होते, आणि ते दोघांनाही फारसे आवडल्यासारखे दिसले नाही.

*

सभागृहाकडे जाताना मैना आत्याबरोबर मुद्दाम मागे राहिली. पुढे अण्णा चालले होते, निळ्या कोटात, दोन मुलांच्या मधोमध. रस्ता ओला होता. नुकतेच दिवे लागले होते आणि त्यांचा उजेड डबक्यांत पडून हलत होता.

"परीक्षकांनी काय म्हटलं माहितीये, आत्या? 'या मुलीचा प्रत्येक शब्द दिसतो.' ऐकू येतो नाही, दिसतो. मला तिथेच सांगावंसं वाटलं, अहो, दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर आमच्या घरी उत्तर मिळत नाही."

"हं."

"लहानपणी मी पुटपुटले की आजोबा बोटाने माझी हनुवटी वर करायचे. बास. रागावणं नाही, काही नाही. शब्द नीट होईपर्यंत बोट तिथंच. 'ळ' म्हणताना जीभ कुठे लागते, ते मला त्यांच्या डोळ्यांत बघून कळायचं. आणि आज मी त्या मंचावर उभी राहून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायचं?"

आत्याने एकदा वडिलांना कानाचे यंत्र आणून दिले होते. त्यात नुसत्या शिट्ट्या वाजतात म्हणून त्यांनी ते खणात ठेवून दिले, त्याला बराच काळ लोटला होता. तेव्हापासून ती या विषयात वडिलांच्या विरुद्ध पक्षात होती.

"दुपारपर्यंत मी तुला म्हटलं असतं, सांगून टाक," ती म्हणाली. "पण मघाशी 'कधीपासून' म्हणताना त्यांचा चेहरा पाहिलास? इस्पितळात मी तो चेहरा ओळखते. जखम उघडू नका म्हणणाऱ्याचा असतो." ती थांबली. "चोरून नको सांगूस, मैना. विचारून सांग."

"विचारलं की. नाही म्हणाले."

"मग पुन्हा विचार. आपल्या घरात कुठली गोष्ट एकदा विचारून झालीय?"

*

सभागृह पूर्वी व्यायामशाळा होते. भिंतींवर अजून दोर अडकवण्याच्या कड्या होत्या, आणि मंचापासून मागच्या दारापर्यंत सगळी जमीन लाकडी फळ्यांची होती. धाकटा बायकोशेजारी तिसऱ्या रांगेत बसला. भाऊ पहिल्या रांगेत होता; त्याचे मागून दिसणारे पांढरे होत चाललेले केस पाहून धाकट्याला उगाच वाटले की हा म्हातारा कधी झाला, आपल्याला न विचारता.

सैनिक मंचावर आले. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. अण्णा एकटे चढले. पायऱ्यांवर त्यांनी कठड्याला हात लावला नाही. सगळे सभागृह उभे राहिले, टाळ्यांचा नुसता पाऊस पडला, आणि अण्णा तो पाऊस काचेआडून पाहावा तसे पाहत राहिले. धाकटाही टाळ्या वाजवत होता. भावाबद्दल काहीही म्हणा, हे त्याने घडवून आणले होते.

मंडळाचे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक होते. गोल, प्रेमळ, आणि लिहून दिलेले कधीच न वाचणारे. मानचिन्ह अण्णांच्या हाती देऊन ते ध्वनिक्षेपकाकडे वळले.

"आता प्रथेप्रमाणे विद्यार्थी प्रश्न विचारतील. पण त्याआधी मला राहवत नाही. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी गोळ्या विकतो. हा एक गृहस्थ माझ्या दुकानाची पायरी चढत नाही. तोफची, आज सांगाच, खाता तरी काय रोज?"

लोक हसले. धाकट्याने पाहिले, अण्णांची नजर अध्यक्षांवर नव्हती. ती पहिल्या रांगेत खिळली होती. आणि पहिल्या रांगेत, वडिलांसाठी उभे राहिलेले सभागृह अजून डोळ्यांत मावत नसलेला थोरला, चष्मा काढून पुसत होता.

"दादा," धाकटा स्वतःशीच म्हणाला. "अरे दादा."

अण्णा एक पाऊल पुढे आले. छाती काढून, मोठ्या आवाजात, तालमीत होते अगदी तसेच ते म्हणाले, "वेळ पाळा, शब्द पाळा, आणि शेजारच्याचा हात सोडू नका."

सभागृहात हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो; तोफची विनोदी आहे, हे आज नव्याने कळल्याचा होता. "पथ्य बरं आहे," मागून कुणीतरी म्हणाले. "पोट कसं भरतं पण?" पुन्हा हशा.

अण्णांनी हसणारी तोंडे पाहिली. त्यांचा उजवा हात हळूच पँटच्या शिवणीवर गेला आणि तिथेच घट्ट राहिला. काहीतरी चुकले होते, आणि काय चुकले ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

थोरल्याने चष्मा तसाच हातात धरला होता. त्याला आता घालावा की पुसावा की फेकून द्यावा, काहीच सुचत नव्हते. अध्यक्ष डोळे टिपत म्हणाले, "आता विद्यार्थ्यांचा प्रश्न," आणि मैना उठून उभी राहिली.

ठरलेले उत्तर खर्च होऊन गेले होते.

*

अण्णांना आधी ते पायांत जाणवले.

टाचेचे दोन ठोके. बुटांच्या तळव्यांतून वर, घोट्यापर्यंत. त्यांना वाटले, आपण घरीच आहोत. मग मान वळली आणि समोर नात दिसली, ध्वनिक्षेपकापासून दूर, त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिलेली. घरची खूण तिने घराबाहेर आणली होती. गावादेखत.

तिचे ओठ हलले. आवाज न काढता, प्रत्येक अक्षर वेगळे ठेवून, फक्त त्यांच्यासाठी: *आजोबा, सांगू?*

त्यांनी खाली पाहिले. थोरला उभा राहिला होता, तोंड लहान मुलासारखे करून. तिसऱ्या रांगेत धाकटा उभा राहिला होता. भिंतीजवळ पांढऱ्या बुटांतली मुलगी. तिघांपैकी कुणीही मान हलवून नको किंवा हो म्हणत नव्हते. ते नुसते त्यांच्याकडे पाहत होते. तोफेजवळ माणसे अशीच एकमेकांकडे पाहत असत, हात खाली येण्याची वाट बघत.

आणि मैनाची हनुवटी वर होती. बोट न लावता.

किती सुबक बोलते ही पोर, त्यांना वाटले. हिचा आवाज कसा असेल?

"नको," अण्णा म्हणाले. ध्वनिक्षेपक नसतानाही ते मागच्या दारापर्यंत ऐकू गेले. "मी सांगतो."



"मला ऐकू येत नाही. अजिबात नाही. आता तुम्ही हसलात ते कशाला, मला माहीत नाही. अध्यक्षांनी काय विचारलं तेही माहीत नाही. रस्त्यात तुम्ही हाका मारता, मी वळत नाही, तेही त्यामुळेच." मग, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारण्याआधी, त्यांनीच तो पुढे ओढला. "कधीपासून, विचाराल. तोफेवर होतो तेव्हापासून. एक दिवस 'भर' असा हुकूम ऐकला. नंतर काही नाही ऐकलं. डॉक्टरला कळलं असतं तर घरी पाठवलं असतं. म्हणून सांगितलं नाही. शेजारच्या गड्याला तेवढं सांगितलं. तो बोलायच्या आधी बुटाची टाच दोनदा आपटायचा. मी बघायचो, तो हात वर करायचा, मी गोळा भरायचो. अख्खा हिवाळा असा काढला. एकदाही हात चुकला नाही माझा."

त्यांनी कोटाची बाही नीट केली.

"मग एक दिवस डॉक्टरला कळलंच. घरी पाठवलं. लोक जखमा घेऊन आले, मी कान घेऊन आलो, कान दिसायला धडधाकट. काय सांगणार? म्हणून गप्प बसलो. लपवायची सवयही होतीच."

थोरल्याच्या मनात कुठेतरी एक दार उघडले. घरातल्या त्या ठोक्यांचा शोध आईने लावला असेल असे त्याला जन्मभर वाटत आले होते. स्वतःचे घर केल्यापासून तो ठोकायचे विसरला होता; वडील आले की त्यांच्या कानाशी ओरडायचा. आणि तो ठोका एका अनोळखी सैनिकाचा होता, ज्याने एक हिवाळाभर शेजारच्याचा हात सोडला नव्हता.

कुणीतरी टाळी वाजवली, आणि लगेच थांबले. सगळ्या सभागृहाच्या लक्षात एकदमच आले की ज्याच्यासाठी वाजवायची त्याला ती ऐकू येणार नाही. तीनशे हात अधांतरी राहिले.

तेव्हा थोरल्याने टाच आपटली. दोनदा.

मागून, तिसऱ्या रांगेतून, धाकट्याने आपटली. मग आत्याच्या पांढऱ्या बुटांनी. मग अध्यक्षांनी, बेताबेताने, कारण त्यांचे गुडघे दुखत. मग मंचावरच्या म्हाताऱ्या सैनिकांनी काठ्यांनी. आणि मग ती जुनी व्यायामशाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दणाणून उठली. फळ्या थरथरल्या. भिंतीतल्या लोखंडी कड्या किणकिणल्या. धूळ उडून दिव्यांच्या उजेडात तरंगत राहिली.

अण्णा पायांकडे पाहत उभे होते. आपल्याला काय होते आहे ते कळत नसल्यासारखे, आणि मग कळल्यासारखे. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. पायऱ्या चढताना ज्याला लावला नव्हता, त्याच.

मग त्यांनी उजवा हात सरळ वर केला आणि खाली आणला. सभागृह जागच्या जागी थांबले. हुकूम कुणाला शिकवावा लागला नाही.

"बास," ते म्हणाले. "आता हिला बोलू द्या. हिचाही सत्कार आहे."

पहिल्या रांगेपर्यंत कधी आलो, ते धाकट्याला कळले नव्हते. तो भावाशेजारच्या खुर्चीवर बसला. थोरल्याच्या हातात चष्मा अजून तसाच होता, आणि समोरचे काहीच त्याला दिसत नसणार, हे उघड होते.

"दादा," धाकटा म्हणाला. मध्ये कुणीच नव्हते. "चष्मा घाल. पोरगी बोलतेय."

मैना ध्वनिक्षेपकापाशी गेली; मग थोडी तिरकी उभी राहिली, म्हणजे सभागृहाला ऐकू जाईल आणि आजोबांना दिसेल. तिने त्यांच्याकडे पाहिले. अण्णांनी बोट उचलले आणि स्वतःच्या हनुवटीखाली टेकवले.

तिने टाच दोनदा आपटली. "मला बोलायला ज्यांनी शिकवलं," ती म्हणाली, "त्यांनी माझा आवाज कधी ऐकलेला नाही."

आणि तिचा प्रत्येक शब्द दिसत होता.